उणे बावीस आणि शू

डिसेंबरात फिनलंडमधल्या रोवानिएमीला सूर्य अकराच्या सुमारास उगवतो आणि दीडच्या आत मावळतो. दिवस जेमतेम सव्वादोन तासांचा. तेवढ्यात पाच वर्षांच्या मुलाला कपडे घालायचे असतात. त्यातून वेळ उरलाच, तर लॅपलंड बघायचं.

आधी अंगाला चिकटणारा लोकरीचा जोड, त्यावर फ्लीस, त्यावर घोट्यापासून हनुवटीपर्यंत चेन असलेला एकसंध फुगीर ओव्हरऑल. मग मोज्यांवर मोजे, बूट, गळपट्टी, टोपी, हातमोजे. एवढं चढवल्यावर चिरंजीवांचे हात खाली येईनासे होतात. ते कायम कुणाचं तरी स्वागत करत असल्यासारखे उभे राहतात. आणि शेवटचा हातमोजा चढला की आतून क्षीण आवाज येतो, "बाबा, शू."

निघण्यापूर्वी विचारलेलं असतंच. "नाही आली" हे उत्तर पुण्यातही मिळतं आणि आर्क्टिकजवळही. फरक इतकाच, की इथे ते बदललं की अर्धा दिवस मावळतो. त्याच्याच वयाची फिनिश मुलं हॉटेलच्या लॉबीत जमिनीवर बसून, कुणाचीही मदत न घेता, सरसर ओव्हरऑलमध्ये शिरत होती. आमची बायको त्यांच्या आयांकडे ज्या नजरेनं बघत होती, ती मी याआधी फक्त सोसायटीत पहिला नंबर काढणाऱ्या मुलांच्या आयांसाठी राखलेली पाहिली आहे.

आमच्या आईचं मात्र या देशात फार छान चाललं होतं. पुण्यात पारा चौदावर उतरला की ती कानटोपी काढते आणि आम्ही हसतो. जगातले निम्मे आजार कानातून आत शिरतात, असं तिचं मत आहे. आयुष्यभर ज्या शत्रूसाठी तयारी केली, तो अखेर समोर उभा ठाकला होता. साडीखाली थर्मल, वर जाकीट, खिशात आलेपाक अशा वेशात ती सगळ्यांच्या आधी तयार होऊन दाराशी उभी असायची आणि वर विचारायची, "झालं का रे तुमचं?"

एका कॅफेबाहेर ती एकदम थबकली. "अरे, कुणीतरी बाळ विसरलंय!"

बर्फात बाबागाडी उभी होती. आत गुबगुबीत दुलईतून एक गुलाबी नाक तेवढं दिसत होतं. मी समजावलं, की तान्ह्या बाळांना हिवाळ्यातही बाहेर झोपवायची इथली जुनी रीत आहे, मोकळ्या हवेत ती गाढ झोपतात म्हणे, आणि बाळाची आई काचेपलीकडे कॉफी पितेय. आईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "तुम्ही व्हा पुढे. मी थांबते इथे."

काचेतून ती बाई आधी चकित झाली, मग हसली आणि तिनं हात हलवला. आईनंही हलवला, बाळाच्या टोपीची कड कानांवर नीट ओढून घेतली आणि मगच आत आली.

सांताक्लॉजचं गाव शहराच्या उत्तरेला आठेक किलोमीटरवर, थेट आर्क्टिक वर्तुळाच्या रेषेवर आहे. 1944 मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानं रोवानिएमी जाळलं. नव्यानं उभं राहणारं शहर बघायला 1950 मध्ये अमेरिकेच्या माजी फर्स्ट लेडी एलेनॉर रूझवेल्ट आल्या, तेव्हा त्यांच्यासाठी या रेषेजवळ घाईघाईनं एक लाकडी झोपडी बांधली गेली. सांताचं गाव 1985 पासूनचं. सांताला भेटणं फुकट, फोटोला पैसे. हा हिशेब आईला एकदम पटला. आपल्याकडच्या देवस्थानांतही दर्शन फुकटच असतं.

लांबलचक रांगेनंतर सांतानं वाकून, मायेनं विचारलं, तुला काय हवंय? चिरंजीवांनी त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. सांताला मराठी येत नव्हतं, म्हणून मी भाषांतर केलं. मागणी त्याला नवी नसावी. त्यानं तत्काळ उजवीकडचं दार दाखवलं. तो फोटो आम्ही विकत घेतला. त्यात सांता बोट दाखवतोय आणि आम्ही सगळे भाविकपणे तिकडे बघतोय.

रेनडिअरची घसरगाडी मात्र झकास. ती हाकणारा माणूस अबोल होता. आईनं मला ढोसलं, "विचार ना, किती जनावरं आहेत." लॅपलंडमध्ये हा प्रश्न म्हणजे बँकेत शिल्लक किती, असं विचारणं. मी तसं तिला सांगितलं. "मग? त्यात काय झालं?" ज्या बाईनं आगगाडीत समोर बसलेल्या प्रत्येकाचा पगार काढून घेतलाय, तिला काय सांगणार? विचारलं. तो गालात हसला आणि म्हणाला, "झाडाच्या दोन्ही बाजूंना आहेत." आईनं मान डोलावली. "म्हणजे पुष्कळ असणार. उगीच कोण लपवेल?"

शेवटच्या रात्री हॉटेलनं फोनवर कळवलं, उत्तर ध्रुवप्रकाश दिसतोय. बाहेर उणे बावीस. आम्ही दोघं चिरंजीवांवर तुटून पडलो. लोकर, फ्लीस, ओव्हरऑल. एक हातमोजा पलंगाखाली गेला. तो सापडला, तर चेन अडकली. चेन सुटली आणि आतून तो सुपरिचित आवाज आला. सगळं आटोपून धावत बाहेर पडलो, तर आकाश काळंभोर आणि आई शालीत गुरफटून परत येत होती.

"होतं खरं," ती म्हणाली. "हिरवं. पण एका जागी थांबत नाही मेलं. आणि तुम्ही दोघांनी कानाला काही बांधलेलं नाही."