शेवटचे दोन!

मराठी मध्यमवर्गाला व्यायामाचं वावडं आहे, असं म्हणणाऱ्याला मराठी मध्यमवर्ग ठाऊक नाही. आम्ही व्यायामाची तयारी अत्यंत निष्ठेने करतो. बूट घेतो, पहाटेचा गजर लावतो, हप्त्यावर सायकल आणून बेडरूममध्ये उभी करतो आणि तिच्यावर टॉवेल वाळत घालतो. घोडं अडतं ते त्यापुढे. घरात आपल्याला कोणी बघत नसतं, आणि कोणी बघत नसताना घाम गाळावा असे संस्कार आमच्यावर झालेले नाहीत.

डोंबिवलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी साड्यांचं दुकान होतं, तिथे ‘हाय इंटेन्सिटी’ क्लास निघाला. पहिला दिवस फुकट. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, “चला हो, बघून तर येऊ.” मी ‘बघून येऊ’चा अर्थ बघून येऊ असाच घेतला. बसायला खुर्च्या असतील, अशी माझी समजूत होती.

आत भिंतभर आरसा, खाली रबरी चटया, आणि लाल आकड्यांचं एक घड्याळ. ते उलटं चालत होतं. ट्रेनर माझ्या मुलाच्या वयाचा.

“मॅम, काही त्रास? बीपी? शुगर? गुडघे?”

“गुडघे आहेत,” मी म्हटलं.

त्याने ते लिहून घेतलं. मग हात फिरवा, मान फिरवा, जागच्या जागी धावा असं काहीबाही झालं. मी चांगलीच घामेजले आणि समाधानाने पिशवी उचलली. तेवढ्यात तो टाळी वाजवून म्हणाला, “ओके! वॉर्म-अप डन. आता स्टार्ट करूया.”

२० सेकंद जीव तोडून व्यायाम, १० सेकंद विश्रांती, असं आठ वेळा. “फक्त चार मिनिटं, मॅम!” चार मिनिटांचं काय एवढं, आमची लोकल रोज त्याहून जास्त लेट असते, असं मनात म्हणत मी उभी राहिले. त्यातली १० सेकंदांची विश्रांती ही शुद्ध फसवणूक आहे. आधी पाणी प्यावं की चष्मा पुसावा, हे ठरेपर्यंत ती संपते.

हा प्रकार जपानचा. तिथल्या स्पीड स्केटिंगच्या एका प्रशिक्षकाची ही पद्धत इझुमी ताबाता या शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत तपासली आणि १९९६ साली निष्कर्ष छापले. सहा आठवड्यांत प्रयोगातल्या मुलांचा दम वाढला होता, थोडा वेळ जीव तोडून जोर लावायची क्षमताही वाढली होती. मात्र ती मुलं शारीरिक शिक्षणाचे विद्यार्थी होती, त्यांना व्यायामाच्या सायकलीवर बसवलं होतं, आणि शेवटी पुरतं गळून जाणं हा प्रयोगाचाच भाग होता. ही सगळी माहिती मी घरी आल्यावर आडवं पडून वाचली. त्या दिवशी दुसरं काही करण्याजोगी मी उरलेच नव्हते.

मग आली बर्पी. उभं राहायचं, खाली बसून तळवे टेकायचे, पाय मागे फेकायचे, छाती चटईला लावायची, पाय पुन्हा पुढे घ्यायचे आणि वर उडी मारून टाळी वाजवायची. टाळी कोणासाठी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. माझी छाती चटईला लागली आणि पुढचा कार्यक्रम तहकूब झाला. चटईला रबराचा आणि डेटॉलचा वास होता. नाकापासून चार बोटांवर कुणाची तरी केसांची पिन पडली होती. तिच्यापलीकडे वहिनींचं पाऊल, त्यात जोडवी, आणि ते पाऊल थरथरत होतं. मला जरा बरं वाटलं.

बर्पी हे एका माणसाचं आडनाव आहे. न्यूयॉर्कच्या रॉयल बर्पी यांनी १९३०च्या दशकात माणसाची तंदुरुस्ती पटकन मोजायला ही चाचणी बसवली. त्यात छाती टेकवणं नव्हतं, उडी नव्हती. आधी आणि नंतर नाडी मोजायची आणि मधे हा प्रकार करायचा चार वेळा. फक्त चार! पुढे अमेरिकन सैन्याने ती उचलली, आणि सैन्याच्या हातात गेलेली गोष्ट चारवर थांबत नाही. घरी मात्र बर्पीचं कौतुक झालं नाही. माझे सासरे, अप्पा, औंधचे. तिथल्या राजेसाहेबांनी, म्हणजे भवानराव पंतप्रतिनिधींनी, सूर्यनमस्कार शाळाशाळांतून नेले, याचा अप्पांना जाज्वल्य अभिमान आहे. मी दिवाणखान्यात बर्पी करून दाखवली तेव्हा ते पेपर खाली करून म्हणाले, “सूनबाई, हा तर गाडी चुकलेल्या माणसाचा सूर्यनमस्कार.”

ट्रेनर लोकांचं गणित वेगळं असतं. “सात... आठ... आठ... मॅम, अजून खाली... आठ...” आणि “शेवटचे दोन!” हे शब्द तर कर्जाच्या हप्त्यांहूनही जास्त लांबणारे. शेवटच्या दोनानंतर आणखी शेवटचे दोन येतात. व्यायाम किती जोराचा चाललाय ते ओळखायची एक सोपी खूण आहे. गाता आलं तर हलका, बोलता आलं तर मध्यम, आणि दोन-चार शब्दांतच धाप लागली तर जोराचा. माझ्या तोंडून “अरे बाबा...” एवढंच निघालं. त्यावर तो पोरगा घाबरून एकदम ‘मॅम’वरून घसरला, “काकू, पाणी देऊ?”

मी तेव्हाच का थांबले नाही? दार उघडं होतं, पैसे भरलेले नव्हते. पण वहिनी थांबल्या की मग आपण थांबायचं, असं मी ठरवलं होतं. त्यांनीही माझ्याबद्दल हेच ठरवलं होतं, ते जिना उतरताना कळलं. नॉर्मन ट्रिपलेट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९८ मध्येच लिहून ठेवलंय की सायकलस्वार एकटे असताना जेवढ्या वेगाने जातात, त्याहून वेगाने ते इतरांबरोबर जातात. आपल्याकडे याला ‘लोक काय म्हणतील’ म्हणतात. या एका वाक्यापायी आम्ही ऐपतीबाहेर लग्नं केली, चित्रकार व्हायला निघालेल्या मुलांना इंजिनिअर केलं. तब्येतीच्या कामी ते पहिल्यांदाच आलं.

दुसऱ्या दिवशी मांड्या बोलू लागल्या. हे दुखणं लॅक्टिक ॲसिडमुळे होतं असं वहिनींचं मत, पण ते ॲसिड तासा-दोन तासांत निघून जातं. स्नायूंना सवय नसलेला ताण बसून बारीक इजा होते, तिचा ठणका एक ते तीन दिवसांत टिपेला पोचतो. जिना चढताना फारसं कळत नाही, उतरताना पूर्वज आठवतात. डोंबिवली स्टेशनचा पूल मी कठडा धरून आडवी उतरले. मागची गर्दी काय म्हणाली ते इथे छापता येणार नाही.

आम्ही दोघींनी तिमाही फी भरली आहे. दोघींपैकी कोणालाच आधी सोडायचं नाही, त्यामुळे क्लास चालू आहे. तुम्हालाही जायचं असेल तर जरूर जा. बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, पोटभर खाऊन जाऊ नका, आणि झेपत नसेल तर उडी खुशाल गाळा. पण एकट्याने जाऊ नका. जिच्यासमोर हार मानायला जिवावर येईल अशी व्यक्ती सोबत न्या. नवरा चालत नाही. त्याच्यासमोर आपण लाज केव्हाच सोडलेली असते.