व्हीटीच्या छतावरच्या चांदण्या

पंचवीस वर्षं मुंबईच्या हार्बर लाइनने ये-जा करूनही व्हीटीची इमारत मी पाहिली ती गेल्या महिन्यात, तीही पास संपला म्हणून. नाव आता छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. गर्दीत तोंडातून मात्र अजून ‘व्हीटी’च निसटतं.

तिकीटघरात रांग हलेना, म्हणून मान वर गेली. तर छतभर निळ्यावर सोनेरी चांदण्या! या दालनाला ‘स्टार चेंबर’ का म्हणतात, ते तेव्हा कळलं. इतक्यात मागून आवाज आला, “ओ काका, सरका की पुढे!”

फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुकाराने १८७८ पासून जवळजवळ दहा वर्षं खपून हे स्टेशन उभं केलं, ते निवांत माणसासाठी. कोळशाच्या गाडीचं इंजिन सोडायचं, फिरवायचं, पाणी पाजायचं, मग दुसऱ्या टोकाला जोडायचं. तोवर उतारूने काय करावं? जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या पोरांनी कोरलेली दगडातली पानंफुलं, पशुपक्षी बघावेत. आपले नाना शंकरशेटही दर्शनी भिंतीवर आहेत. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, तिच्यासाठी त्यांनी केवढी खटपट केली होती! मी मात्र त्यांच्या समोरून रोज इंडिकेटरवर डोळे लावून पळतो.

माझ्या मते, हा निवांतपणा मोडला ३ फेब्रुवारी १९२५ ला. त्या दिवशी गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते देशातली पहिली विजेची गाडी इथून कुर्ल्याला सुटली, पंधराशे व्होल्टच्या डीसी विजेवर, आणि तीही आमच्या हार्बरवरून! (ही डीसी मुंबईतून शेवटी गेली तीही हार्बरवरूनच, २०१६ साली. आम्ही धरलेलं सहजी सोडत नाही, मग सीट असो की करंट.) विजेच्या गाडीला दोन्हीकडे तोंड. मोटरमन या टोकाला उतरून त्या टोकाला चढला की गाडी तयार. पाणी पाजणं नाही, वळवणं नाही. टर्मिनस म्हणजे शेवट, पण लोकलला तिथे धड थांबायलाही फुरसत नाही.

पास खिशात टाकून मी त्या दिवशी मुद्दाम रस्त्यापलीकडे गेलो. फाटकाच्या खांबांवर सिंह आणि वाघ. कसलीही घाई नसलेले. वर घुमटावर ‘प्रगती’, एका हातात मशाल, दुसऱ्या हातात चाक. मान दुखेपर्यंत बघितलं. तेवढ्यात सहा-वीसची पनवेल गेली.

पुढची लागली तेव्हा ती पुरती थांबायच्या आत मी डब्यात होतो. मिळाली ती तिघांच्या बाकावरची चौथी सीट.