अनुभव : निरंक

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी अर्थशास्त्राच्या पेपरात 'बेकारीचे प्रकार लिहा' हा प्रश्न हमखास यायचा. हंगामी, घर्षणात्मक, सुशिक्षित आणि छुपी. यातल्या छुप्या बेकारीवर माझा हातखंडा होता. एका शेताला चार माणसं पुरत असताना सहा राबतात, त्यातली दोन उचलून बाजूला ठेवली तरी पोत्यातला एक दाणा कमी होत नाही, म्हणून त्या दोघांची सीमान्त उत्पादकता शून्य, वगैरे. दीड पान लिहिलं. सेकंड क्लास मिळाला. निकाल घेऊन १९९०च्या जूनमध्ये गावी आलो, वडिलांच्या सव्वादोन एकरांत उभा राहिलो आणि माझ्या लक्षात आलं की ते वरचं माणूस मीच. खरं तर माझी उत्पादकता शून्याच्याही खाली असावी. कारण मी दारं धरायला गेलो की पाणी कुठल्या कुठं चाललंय हे बघायला वडील मागोमाग यायचे. म्हणजे एका कामात दोघं अडकायचे.

अशा वेळी मामा आला. आमच्या मामाला पेपर वाचायची सवय होती आणि वाचलेलं दुसऱ्याला लागू करायची त्याहून मोठी. तो म्हणाला, "अरे, बंगालात घरी बसलेल्या ग्रॅज्युएटला सरकार महिना पन्नास रुपये देतं. विलायतेत तर आठवड्याच्या आठवड्याला देतात. तू नाव नोंदवलंस का?"

मी नोंदवलं नव्हतं. आळसामुळं नव्हे, भीतीनं. आपण बेकार आहोत हे घरात, पारावर, पिठाच्या गिरणीत सगळ्यांना माहीत असणं वेगळं आणि जिल्ह्याच्या गावी जाऊन सरकारी कागदावर ते लिहून देणं वेगळं. शिवाय साहेबांनी काही विचारलं तर? माझ्या मनात एका प्रश्नानं घर केलं होतं : 'किती दिवस बेकार आहेस?' यावर काय सांगायचं? परीक्षा संपल्यापासून मोजायचं की निकालापासून? परीक्षा झालेला आणि निकाल न लागलेला माणूस विद्यार्थी की बेकार? या शंकेत माझे चार महिने गेले, आणि ते चार महिने कुठं धरायचे ही नवी शंका निघाली.

बेकार व्हायला कागद लागतात हेही तेव्हाच कळलं. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड. आणि त्या सगळ्यांच्या नकलांवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही. आमच्या पंचक्रोशीत राजपत्रित म्हणावा असा एकच माणूस होता, गुरांचा डॉक्टर. मी दवाखान्यात गेलो तेव्हा ते गोठ्यात एका अडलेल्या म्हशीपाशी होते. दीड तासानं रेडकू बाहेर आलं, डॉक्टरांनी हात धुतले, अर्धवट पुसले आणि माझ्या अर्थशास्त्रावर 'सत्यप्रत' असा शिक्का मारून सही केली. पशुधन विकास अधिकारी, वर्तुळाकार, जांभळा. तिसऱ्या वर्षाच्या गुणपत्रिकेच्या कोपऱ्यावर त्यांच्या अंगठ्याचा ओला ठसा उठला, तो अजून आहे. माझ्यामागे उभा असलेला शेतकरी सहानुभूतीनं म्हणाला, "तुमचं काय आजारी हाय?"

ऑक्टोबरात एकदाचा एसटीत बसलो. तासाभराच्या प्रवासात एकच वाक्य घोकत होतो : "साहेब, नाव नोंदवायचं होतं." 'नोंदवायचं आहे' म्हटलं तर उद्धटपणा होईल असं वाटून 'होतं' असा भूतकाळ योजला होता. जणू काही पूर्वी कधीतरी नोंदवायचं होतं, आता नाही नोंदवलं तरी चालेल.

कचेरीचं नाव सेवायोजन कार्यालय. लोक म्हणायचे एम्प्लॉयमेंट, नुसतं. "एम्प्लॉयमेंटला नाव घातलंस का?" असं विचारत, शाळेत घातल्यासारखं. ही कार्यालयं मुळात १९४५ साली निघाली, महायुद्ध संपल्यावर घरी पाठवलेल्या सैनिकांना काम शोधून द्यायला. पुढं फाळणीतल्या निर्वासितांसाठी आणि मग आमच्यासारख्या सर्वांसाठी ती खुली झाली. म्हणजे ज्या रांगेत आधी तोफा डागून आलेले उभे होते आणि मग घरदार सोडून आलेले, त्याच रांगेच्या शेपटाला मी उभा होतो. आणि माझी छाती धडधडत होती ती खिडकीतला माणूस रागावेल की काय या चिंतेनं.

तो रागावला नाही. पन्नाशीचे गृहस्थ, कपाळावर चष्मा, कानावर पेन्सिल. माझ्या पुढं आयटीआयचा एक फिटर होता. त्याला विचारलं, "काय येतं?" तो म्हणाला, "लेथ, ड्रिलिंग, फिटिंग." ते भराभर लिहून घेत होते. मला धडकी भरली. काय येतं? मागणीचा नियम येतो. मागणीच्या नियमाचे अपवादही येतात.

"हं. बी.ए. टायपिंग?"

"नाही."

"मराठी तीस? इंग्रजी चाळीस? काहीच नाही?"

"नाही साहेब."

"शॉर्टहँड?" हे त्यांनी आपलं फॉर्मला प्रश्न होता म्हणून विचारलं. "बरं. अनुभव?"

मी गप्प.

"निरंक," ते स्वतःशीच म्हणाले आणि तसं लिहिलं.

तो शब्द मी तिथं पहिल्यांदा ऐकला आणि मला तो फार आवडला. 'काही नाही' यात एक प्रकारची आबाळ आहे. 'निरंक' म्हणजे रीतसर शोध घेतला, सगळी दप्तरं पाहिली आणि आढळून आलं नाही. माझ्या रिकामेपणाला इतक्या इज्जतीनं कुणी वागवलं नव्हतं.

मग त्यांनी एक जाडजूड पुस्तक काढलं. देशातल्या यच्चयावत धंद्यांना त्यात आकडे दिलेले असतात. शिंप्याला आकडा, सुताराला आकडा, टंकलेखकाला आकडा. माझ्यासाठी त्यांनी पुस्तक उलटं धरून शेवटाकडून चाळलं. तिथं 'एक्स' नावाचा विभाग होता : धंद्यानुसार वर्गवारी न झालेले. त्यातला पहिला गट, एक्स शून्य : कामाच्या शोधात असलेले नवे. शाळेत गणितात एक्स म्हणजे जे काढायचं असतं ते. इथं एक्स म्हणजे मी. आणि शून्य तर काय, सीमान्त उत्पादकतेपासून ओळखीचंच.

"टायपिंग कर," ते म्हणाले. "तीसचं सर्टिफिकेट आण, तुला या एक्समधून बाहेर काढतो."

कार्ड हातात आलं, फिकट, पोस्टकार्डापेक्षा थोडं मोठं. आता निघायला हवं होतं. पण मामानं दिलेली कामगिरी बाकी होती. मागच्या मुलाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं मी खिडकीत डोकं घातलं. "साहेब, ते... भत्त्याचं कुठं असतं?"

"कसला भत्ता?"

"बेकारीचा."

त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. मला वाटलं, संपलं. पण त्यांचा चेहरा उजळला होता. वर्षानुवर्षं पोटात राहिलेलं काहीतरी सांगायची संधी मिळाल्यासारखा. म्हणाले, "तो बंगालात. इकडं नाही. पण थांब, महाराष्ट्रातही आहे बरं का! कायद्यात आहे. रोजगार हमी. तलाठ्याकडं अर्ज द्यायचा, की मी अंगमेहनतीचं अकुशल काम करायला तयार आहे. पंधरा दिवसांत सरकारनं काम दिलं नाही तर दिवसाला एक रुपया भत्ता. कायदा १९७७चा, लागू झाला १९७९च्या सव्वीस जानेवारीला. देशात दुसरीकडं कुठं नाही असा." आणि मग माझ्या हातांकडं बघत, "फक्त पंचाईत काय आहे, काम खरंच दिलं तर करावं लागतं. नालाबंडिंग, पाझर तलाव, खडी."

परतीच्या एसटीत मी हिशेब मांडला. अट एकच : अकुशल हवं. बाकी कुठं नसलो तरी इथं माझी पात्रता वादातीत होती. कुशल नसल्याचा तीन वर्षांचा पुरावा माझ्याकडं होता, तोही विद्यापीठाचा, वर गुरांच्या डॉक्टरांची सही. महिना तीस रुपये. पण काम दिलं तर? आमच्या शेजारची बायजाक्का बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेली होती. तिच्या उजव्या हाताचं एक बोट अजून वाकत नव्हतं. तिच्या ओळीत जाऊन बसायचं आणि मनात प्रार्थना करायची की देवा, काम मिळू देऊ नको, मला रुपया हवाय! अर्ज केला नाही. अब्रू आडवी आली म्हणावं, तर बायजाक्काच्या अब्रूला काय झालं होतं? खरं कारण एवढंच की ती कामाची होती.

ही योजना ज्यांच्या डोक्यातून निघाली ते वि. स. पागे, विधान परिषदेचे सभापती, तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. माणसानं 'काम द्या' म्हणायचं आणि सरकारनं 'नाही' म्हणायचं नाही, एवढी साधी गोष्ट त्यांनी कायद्यात बसवून घेतली. आम्हा बी.ए.वाल्यांची अडचण वेगळी होती. आम्हाला काम नको होतं, नोकरी हवी होती. (२०२४ साली सरकारनं पदवीधरांना महिना १०,००० रुपये विद्यावेतन देऊन कुठल्या तरी आस्थापनेत प्रशिक्षणाला बसवायची योजना काढली. माझ्या पुतण्यानं फॉर्म भरला तेव्हा मी त्याला विचारलं, "अनुभवाच्या पुढं काय लिहिलंस?" तो म्हणाला, "काका, अनुभव यावा म्हणूनच तर आहे ते." आमच्या वेळी असं उत्तर सुचलं नसतं.)

टायपिंग मी केलं नाही. तालुक्याच्या क्लासला गेलो होतो दोन महिने. माझी करंगळी 'ए'पर्यंत वेळेत पोचत नसे.

नोकरी लागली ती १९९३च्या जानेवारीत, शेजारच्या तालुक्यातल्या एका सहकारी बँकेत, मामाच्या एका ओळखीच्या ओळखीनं. एम्प्लॉयमेंटचा तिच्याशी काडीचाही संबंध नव्हता. पहिल्या पगाराच्या चिठ्ठीत एक छोटी रक्कम कापलेली दिसली : व्यवसाय कर. अकाउंटंट म्हणाले, "रोजगार हमीचा पैसा यातून येतो. पंच्याहत्तर सालापासून शहरातल्या नोकरदाराचे कापून खेड्यात देतात." आज तो दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापतात, तेव्हा पुष्कळ कमी होता. पण त्या दिवशी मला वाटलं, मी जो रुपया मागायला गेलो नाही तो शेवटी मलाच भरावा लागतोय.

आता खरी गोष्ट सांगतो, जी घरीही फारशी सांगितलेली नाही. कार्डाचं दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावं लागे. ऑक्टोबर १९९३मध्ये माझी तारीख आली. मी नोकरीत कायम झालो होतो. रीतीनं कार्ड परत द्यायचं. पण मला झोप येईना. सहकारी बँक, आज आहे उद्या नाही. आणि इकडं तीन वर्षांची ज्येष्ठता! तिथं नोंदणीच्या तारखेनुसार नाव वर सरकतं असं म्हणत. माझ्या आयुष्यात आपोआप वाढणारी तेवढी एकच वस्तू होती. मी अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा टाकली, बँकेतल्यांना दाढ दुखते म्हणून सांगितलं आणि जाऊन नूतनीकरण करून आलो. खिडकीत तेच गृहस्थ. कार्डाकडं बघून म्हणाले, "अजून काही नाही?"

मी म्हणालो, "नाही साहेब."

पुस्तकातल्या छुप्या बेकाराच्या बरोबर उलटा असा मी छुपा नोकरदार झालो होतो. या प्रकारावर प्रश्न आलेला मला आठवत नाही.

१९९६च्या ऑक्टोबरात परत गेलो. माझ्या बेकारीला सहा वर्षांची सेवाज्येष्ठता झाली होती. बँकेत तितकी नव्हती. या वेळी ते थकलेले दिसले. "आता कॉल अजून कमी होणार," म्हणाले. "सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, नुसती आमच्याकडची नावं घेऊन भागणार नाही, पेपरातही जाहिरात द्या. तसा एकोणसाठचा कायदाही एवढंच म्हणतो, रिकाम्या जागा आम्हाला कळवा. आमचीच पोरं घ्या असं कुठं म्हणतो?" मग माझ्या शर्टाकडं बघितलं. इस्त्रीचा होता, मी गडबडीत तसाच आलो होतो. त्यांना त्याचा काय अर्थ लागला कोण जाणे, त्यांनी पोऱ्याला हाक मारली आणि दोन चहा सांगितले. एक माझ्यापुढं सरकवत म्हणाले, "कपडे नीट ठेवतोस, हे चांगलं. खचायचं नाही." मी तो चहा प्यालो. इतका गोड चहा इतक्या कष्टानं मी पुन्हा कधी प्यालेलो नाही.

त्यानंतर कार्डाच्या वाटेला गेलो नाही. पण १९९८मध्ये माझी बदली झाली, तीही नेमकी त्या जिल्ह्याच्या गावच्या शाखेत, रोखपाल म्हणून. पहिले काही महिने बाजारात त्यांच्यासारखं कुणी दिसलं की मी रस्ता ओलांडायचो.

एका सोमवारी टोकन सतरा पुकारलं. जाळीपलीकडून एक हात आत आला, कानावर पेन्सिल नव्हती, चष्मा मात्र कपाळावरच होता. निवृत्त झाले असावेत. चष्मा सावकाश खाली आला.

"अरे! तू!"

"साहेब, नमस्कार."

"लागली?"

"हो साहेब."

"कधी?"

मागं नऊजण उभे. शेजारच्या टेबलावरच्या बाई, ज्यांनी माझी पाच वर्षांची वेतनवाढ नुकतीच दप्तरात चढवली होती, मान वर करून ऐकत होत्या.

"परवाच," मी म्हणालो.

त्यांनी नोटा घेतल्या. बोट जिभेला लावून पुन्हा एकदा मोजल्या. मग त्यातली पन्नासची एक काढली आणि जाळीखालून परत आत सरकवली.

"पेढे आण. शाखेत वाट," ते म्हणाले. "पहिला पगार व्हायचा असेल अजून."