पांढऱ्या वाटीतलं वेड

चहाच्या चार-पाच पुड्या ओळीनं मांडायच्या, काट्यावर तोलून प्रत्येकीतून दोन-दोन ग्रॅम पत्ती काढायची, घड्याळ लावून तिच्यावर उकळतं पाणी ओतायचं, आणि दूध नाही, साखर नाही, आलं नाही अशा त्या पाण्याचा एकेक चमचा मोठ्यानं भुरका मारून तोंडात घ्यायचा व थुंकून टाकायचा, हे वेडेपणाचं काम आहे. शहाणी माणसं असंच म्हणतात. माझं म्हणणं एवढंच, की हे वेड थोर आहे. ज्यांना ते जडलं, त्यांची बाजू कुणीतरी मांडायला हवी.

चहाविषयी शहाण्या माणसाचं मत पक्कं असतं. चहा कडक हवा, गरम हवा आणि वेळेवर हवा. तो कुठल्या मळ्यातला, कुठल्या महिन्यात खुडलेला, हे विचारलं तर तो म्हणतो, "अहो, चहाच ना तो? प्या की गुमान." दुकानात जाऊन तो 'नेहमीचा' मागतो, दुकानदार पाव किलो बांधून देतो, आणि घरी तो चहा खरोखर नेहमीसारखाच लागतो. हा नेहमीपणा त्याला आयता मिळतो, म्हणून त्याची किंमत त्याला कळत नाही.

पाकिटातला चहा एका मळ्याचा नसतो. आसामातल्या मळ्यांतलं पान जूनच्या आसपास भरदार, दमदार असतं. पुढे पावसानं पीक वाढतं आणि चव सैल पडते. थंडीत तर झाडं कोंब धरत नाहीत आणि खुडणी थांबते. इतकं सगळं बदलत असताना जानेवारीतला आणि ऑगस्टमधला कप सारखा लागतो, याचं कारण कुठेतरी एक वेडा सकाळपासून कपांच्या रांगेपुढे उभा असतो. या मळ्याचा रंग, त्या मळ्याचा दम, तिसऱ्याचा वास असं जुळवत तो ते मिश्रण बांधत असतो. म्हणजे शहाण्याला सवयीची चैन परवडते ती दुसऱ्या कुणाच्या तरी वेडावर.

या वेडाचं जुनं पीठ कोलकात्यात आहे. तिथल्या नीलहाट हाऊसमध्ये जे. थॉमस आणि कंपनी ही 1851 सालची चहादलाल पेढी आहे. इमारतीच्या नावात अजून नीळ आहे, कारण पेढीचा जुना धंदा निळीचा. कोलकात्यात चहाचा पहिला जाहीर लिलाव 1861 साली झाला, आणि लिलावाआधी प्रत्येक नमुना चाखायचा ही रीत आजही पाळली जाते. लांबलचक टेबलावर पांढऱ्या चिनीमातीच्या झाकणवाल्या किटल्या आणि त्यांच्यापुढे बिनकानाच्या वाट्या. चाखणारा चालत चालत चमचा बुडवतो, भुरका मारतो, थुंकतो, दोन शब्द बोलतो, शेजारचा ते टिपून घेतो आणि दोघं पुढे सरकतात. हंगामात एका दिवसात असे शेकडो कप होतात. त्या दोन शब्दांवर एखाद्या मळ्याच्या आठवडाभराच्या मेहनतीचा भाव ठरतो. एक किलो चहासाठी सुमारे साडेचार किलो ओला पाला खुडावा लागतो, आणि दार्जिलिंगच्या उतारांवर तो आजही बायका हातानं खुडतात. हे लक्षात घेतलं तर तो भुरका चेष्टेचा विषय राहत नाही. त्या पानाकडे निदान एका माणसानं नीट लक्ष दिलं, याची ती खूण आहे.

चेष्टा मात्र झाली, आणि जगजाहीर झाली. चाखण्यासाठी चहा कसा करावा याची सहा पानी नियमावली ब्रिटिश मानक संस्थेनं काढली. तिच्यावरूनच 1980 साली आय.एस.ओ. 3103 हे आंतरराष्ट्रीय मानक आलं. 1999 साली त्या सहा पानांना साहित्याचं इग नोबेल हे गमतीचं पारितोषिक मिळालं, आणि चहा करायला सहा पानं लागतात का, म्हणून लोक हसले. मला ती सहा पानं फार आवडतात. शंभर मिलिलिटर पाण्याला दोन ग्रॅम चहा, पाणी नुकतं उकळलेलं, वेळ सहा मिनिटं, भांडं पांढऱ्या चिनीमातीचं. सहा मिनिटांत बहुतेक चहा कडू होतो, आणि तिथंच हसणारे फसले. ही रीत चवदार चहा करायची नाहीच, ती दोन चहांना एका पट्टीनं मोजायची आहे. इतकं कडक वागवलं की पानातले दोष लपत नाहीत. धुराचा वास, जास्त भाजल्याची चव, साठवणीत लागलेली ओल, सगळं वर येतं. जो चहा सहा मिनिटांनंतरही गोड बोलतो, त्याच्यावर पुढे विश्वास टाकायला हरकत नाही.

घरी हे करायला मोठं साहित्य लागत नाही. सारख्या मापाच्या पांढऱ्या वाट्या मात्र हव्यात, कारण स्टीलच्या भांड्यात रंग कळत नाही. पाणी सगळ्यांना एकच हवं. बोअरवेलच्या जड पाण्यात केलेल्या चहावर तवंग धरतो, रंग मळतो आणि उत्तम दार्जिलिंगही मुकं होतं. तलावाच्या हलक्या पाण्यात तेच पान बोलू लागतं. म्हणून ज्यांच्या घरी जड पाणी येतं, त्यांनी चहावाल्याला बोल लावण्याआधी पाणी बदलून बघावं.

एकटा कप फक्त आवडतो किंवा आवडत नाही, त्यापलीकडे तो काही सांगत नाही. दोन कप शेजारी ठेवले की दोन्ही बोलके होतात. दार्जिलिंगचा फर्स्ट फ्लश, म्हणजे मार्च-एप्रिलचं पान, आणि त्याच मळ्याचा मे-जूनचा सेकंड फ्लश एकदम भिजवा. सहा मिनिटांनी गाळून ओला पाला उलट्या झाकणावर काढा. पहिला हिरवट, त्यात मधूनच तांबूस पानं. दुसरा जुन्या तांब्याच्या रंगाचा. दोन्हींवर नाक आणा. पहिल्याला नुकत्या चिरलेल्या हिरव्या पानांचा आणि फुलांचा वास, आणि दुसऱ्याला पिकलेल्या द्राक्षाचा, किंचित मधाचा. झाडं तीच, मळा तोच, माणसंही तीच, मध्ये फक्त दोन महिने. हे ज्यानं एकदा हुंगलं, त्याला 'चहा तो चहा' हे वाक्य पुन्हा मनापासून म्हणता येत नाही.

त्या द्राक्षासारख्या वासाला चहाच्या धंद्यात मस्कटेल म्हणतात, आणि त्यात तुडतुड्यांचा हात आहे. आपल्याकडे कापूस आणि आंब्याच्या शेतकऱ्याची झोप उडवणाऱ्या किडीचे हे भाऊबंद. ते कोवळ्या कोंबातला रस शोषतात, पान आकसतं, आणि स्वतःला वाचवायला झाड जी सुगंधी द्रव्यं तयार करतं, तीच पुढे कपात उतरतात. तैवानमधला ओरिएंटल ब्यूटी नावाचा ऊलाँग चहा तर मुद्दाम तुडतुडे लागू दिलेल्या पानांचाच करतात. कीड दिसली की फवारा मारणं हे शहाणपण. पण जगातले दोन अत्यंत सुरेख चहा आपल्याला मिळाले, ते कुणीतरी ते खराब दिसणारं पान फेकून न देता चाखून पाहिलं म्हणून.

असाच अन्याय गार झालेल्या कपावर होतो. चांगला, दमदार आसाम चहा गाळून तासभर तसाच ठेवला तर तो गढुळतो, दुधाळ दिसू लागतो. शहाणा तो नासला म्हणून मोरीत ओततो. वेडा मात्र खूश होतो, कारण चहातलं कॅफीन आणि रंग-दम देणारी द्रव्यं थंडाव्यात एकमेकांना धरतात म्हणून तो गढूळपणा येतो, आणि ती भरपूर असल्याशिवाय तो येत नाही. गरम करा, पुन्हा नितळ होतो. फुकट मिळणारी इतकी सोपी परीक्षा दुसरी नाही.

डब्यावरच्या अक्षरांविषयी मला कळकळीनं सांगायचं आहे. एस.एफ.टी.जी.एफ.ओ.पी. अशी आगगाडी बघून माणसं हजारो रुपये मोजतात. ती अक्षरं पानाचा आकार, अखंडपणा आणि कोवळ्या टोकांचं प्रमाण सांगतात. चवीची हमी त्यांत नाही, आणि 'ऑरेंज' असलं तरी संत्र्याचा संबंध नाही. किमतीचंही तेच. 2021 साली गुवाहाटीच्या लिलावात मनोहारी गोल्ड हा आसामी चहा किलोला 99,999 रुपयांना गेला. त्या मळ्याचा मला अभिमानच वाटतो, पण तेवढ्यावरून आपल्या जिभेनं मान तुकवायचं कारण नाही. वाट्यांच्या बुडाशी आकडे लिहावेत, घरातल्या कुणाला तरी त्या पाठीमागे फिरवून ठेवायला सांगाव्यात, आणि मग चाखावं. नावं झाकली की जीभ सरळ चालते.

याला व्यवहाराचीही बाजू आहे. दार्जिलिंग हे भौगोलिक मानांकन मिळालेलं भारतातलं पहिलं उत्पादन, साल 2004. तरीही शेजारच्या नेपाळमधल्या इलामचा चहा दार्जिलिंगच्या नावावर खपवला जातो, ही तिथल्या मळेवाल्यांची जुनी तक्रार आहे. 2017 साली गोरखालँडच्या आंदोलनात 104 दिवस डोंगर बंद होता, सेकंड फ्लश जवळजवळ पूर्ण बुडाला, आणि ग्राहक इतर चहांकडे वळले ते वळलेच. कायदा आपलं काम करील. पण इलाम आणि दार्जिलिंग शेजारी ठेवून चाखणारी गिऱ्हाइकं वाढली, तर दोघांचंही भलं होईल, कारण इलामचा चहा चांगला आहे आणि त्याला स्वतःच्या नावानं विकलं जाण्याचा हक्क आहे.

कांग्र्याचं दुःख तर याहून खोल. हिमाचलातल्या या खोऱ्यात 19व्या शतकाच्या मध्यापासून चिनी जातीची झाडं लावली गेली आणि चहाला नावही मिळालं. 4 एप्रिल 1905 च्या भूकंपानं कारखाने जमीनदोस्त केले, बरेच इंग्रज मळेवाले निघून गेले, आणि तो चहा लोकांच्या बोलण्यातून गेला. झाडं राहिली. कांग्र्याची एखादी पुडी दार्जिलिंगशेजारी मांडा. अंगानं तो हलका आहे, वासानं नाजूक, आणि जिभेवर थोडा लाकडासारखा कोरडा गोडवा ठेवतो. एकटा प्यायलात तर फिका म्हणून बाजूला साराल. शेजारी दुसरा असला की त्याचं वेगळेपण दिसतं. विस्मरणात गेलेल्या चहाला न्याय मिळण्याची दुसरी जागा मला माहीत नाही.

आपल्याकडे चहा प्यावा की नाही यावर समाज पणाला लागलेला आहे. 1890 साली पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं पुढे आली. टिळक आणि रानडे यांच्यासारखी मंडळी तिथं होती. काहींनी चहा घेतला, काहींनी नुसता समोर राहू दिला. गोपाळराव जोशांनी नावं जाहीर करवली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. ज्या गावानं एका कपासाठी इतकं सोसलं, त्या गावात आज तो कप कुठल्या पानाचा हे विचारायला माणूस लाजतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि भुरक्याची लाज तर मुळीच नको. बशीत चहा ओतून, निवू देऊन मोठ्यानं भुरके मारणारे आजोबा आपण ओशाळून पाहिले. कोलकात्याचा चाखणाराही तेच करतो. पोळणाऱ्या चहात चव कळत नाही, आणि हवेसकट ओढलेला घोट तोंडात फवाऱ्यासारखा पसरून घशामागून नाकापर्यंत वास पोचवतो. चहाचा बराचसा आस्वाद त्या वासातच असतो. आजोबांची रीत शास्त्रशुद्ध होती. आवाज न करता, ओठ मिटून पिणारे सभ्य लोक निम्मा चहा नाकापर्यंत जाऊच देत नाहीत.

दूध घालणाऱ्यांनी या वेडातून स्वतःला वगळू नये. मानकातही दुधाची सोय आहे. आपल्या सी.टी.सी., म्हणजे दाणेदार चहाचे तीन प्रकार घ्या, एक बारीक डस्ट, एक मोठा दाणा आणि एक दुकानदाराचं हॉटेल मिक्स. आलं-वेलची बाजूला ठेवून तिघांत सारखंच दूध घाला आणि उजेडात रंग बघा. चांगला चहा दुधात सोनेरी तांबूस उजळतो, नरम चहा राखाडी पडतो. ज्या मिश्रणाला आपण वर्षानुवर्षं 'कडक' म्हणत आलो, त्यात नुसताच रंग होता आणि दम नव्हता, असंही निघू शकतं. मग दुकानदाराकडे 'नेहमीचा' न मागता, चिमूट पत्ती तळहातावर घेऊन, हुंगून, दोन प्रश्न विचारता येतात. खुला चहा विकणारे जुने दुकानदार अशा प्रश्नांना मनापासून उत्तरं देतात, कारण त्यांना ते फार कमी जण विचारतात.

सुरुवात करायची असेल तर दोनच चहा घ्या, पन्नास-पन्नास ग्रॅमचे, आणि शक्यतो एकाच मळ्याचे वेगवेगळ्या हंगामातले. चाखायच्या आधी तासभर कांदा, लसूण, सुपारी आणि अत्तर वर्ज्य. पहिल्या फेरीत काही लिहू नका. दुसऱ्या फेरीत, कप कोमट झाल्यावर, लिहा, आणि 'छान' हा शब्द सोडून काहीही लिहा.