तोंडातल्या पाहुण्यांस अनावृत पत्र

श्री. रा. रा. स्ट्रेप्टोकॉकस व्हिरिडन्स यांस,
मुक्काम : दातांच्या फटी, हिरड्या व जीभ

सा. न. वि. वि.

प्रथम आपल्या संयमाचे कौतुक. आमच्या लहानपणापासून आपण तोंडात बिनभाड्याने राहता, रोज घास अंगावरून जातो, पण कधी ब्र काढला नाहीत. इतके सोज्वळ बिऱ्हाड शोधून सापडायचे नाही!

मामांना ल्युकेमिया झाला, केमो सुरू झाली. "काउंट पडलेत," असे सिस्टर म्हणाल्या आणि ती बातमी आमच्या नातेवाइकांआधी आपल्याला लागली. जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी रक्तात मायक्रोलिटरमागे 500 च्या खाली गेल्यावरच आपण अन्ननलिकेत उतरलात. धडधाकट माणसाच्या वाटेला सहसा जायचे नाही, हे आपले तत्त्व पाहून ऊर भरून आला. केमोने अस्तर आधीच सोलून ठेवले होते. आपल्याला फारसे कष्ट पडले नसतील, अशी आशा आहे.

मऊ भात, तोही मिक्सरमधून काढलेला. मामा चमचा तोंडात घेत आणि घास उतरेपर्यंत छातीच्या मधोमध तळवा दाबून डोळे मिटून बसत. पुढे पाण्याच्या घोटालाही तेच. जेमतेम 25 सेंटिमीटरची ती नळी केवढी लांब असते, हे आपण दाखवून दिलेत. आभारी आहोत.

आणि काय ही प्रसिद्धिपराङ्मुखता! गिळताना दुखले की संशय आधी कँडिडा बुरशीवर, मग हर्पीसवर. बुरशीचे औषध सुरू होते आणि आपण स्टॅफिलोकॉकस मंडळींसह आत निवांत. चोर सोडून संन्याशाला फाशी! (कँडिडाबाई काही संन्यासिनी नव्हेत. बहुतेक वेळा गुन्हा त्यांचाच असतो, तेच आपल्या पथ्यावर पडते.)

एंडोस्कोपीत नुसते पाहून आपण ओळखू येत नाही. वरवर सापडलात तर "आम्ही तोंडातलेच, घासाबरोबर आलो" म्हणायला मोकळे. तुकडा काढून ग्रॅमचा रंग दिला आणि अस्तराच्या आत घुसलेले दिसलात, तरच गुन्हा शाबीत. तोवर रक्तात शिरण्याची हौसही आपण कधीकधी भागवून घेता.

आपल्या सत्काराला शिरेतून अँटिबायोटिक्स पाठवली आहेत. कृपया स्वीकार व्हावा.

आपला नाइलाजाचा यजमान

ता. क. (फक्त वाचकांसाठी) : केमो चालू असलेल्या माणसाला 100.4 फॅरनहाइट ताप आला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका. रात्रीच डॉक्टरांना गाठा. गिळताना दुखते, हेही सांगा. बुरशीच्या औषधाने उतार पडत नसेल, तर प्लेटलेट पुरेशा आहेत का ते पाहून बायोप्सी करता येईल का, हे जरूर विचारा.