आमच्या देशात उपलब्ध नसलेल्या बाईंना, स.न.वि.वि.

प्रति,
बोलक्या डब्यातल्या बाई
(खरं नाव घेतलं की जाग्या होता, म्हणून घेत नाही)
मुक्काम : स्वयंपाकघर, मायक्रोवेव्हच्या डोक्यावर

स्टुटगार्ट, रविवार, दुकाने बंद

विषय : आपला नकार आणि त्यातला गोडवा
संदर्भ : ‘ही सुविधा तुमच्या देशात सध्या उपलब्ध नाही’ हे आपले नेहमीचे उत्तर

बाई, स.न.वि.वि.

नाही कसं म्हणावं हे तुमच्याकडून शिकावं. मी राहतो त्या मुलखात नकार रोकडा मिळतो. परदेशी नागरिकांच्या कचेरीत खिडकीपलीकडची बाई तुमचा अर्ज परत सरकवते, रिकाम्या राहिलेल्या रकान्यावर बोट ठेवते आणि पुढचा नंबर पुकारते. काय चुकलं ते कळतं, माणूस घरी जातो. तुम्ही मात्र आधी माफी मागता, मग ‘सध्या’ म्हणता, मग ‘लवकरच’ म्हणता. इतक्या मायेने आम्हाला आमच्या आत्यांनीही कधी हाकललं नाही.

पण एक विचारायचं आहे. ‘तुमचा देश’ म्हणजे नेमका कुठला, हे तुम्ही कशावरून ठरवता? माझा पासपोर्ट भारताचा. भाडेकरार, आयकर, आरोग्यविमा आणि जिना पुसण्याची पाळी स्टुटगार्टची. (इथे या पाळीला केअरवोखे म्हणतात. दारावर पाटी लटकली की त्या आठवड्याचा जिना तुमचा, सुटका नाही. या बाबतीत देश कुठला हे कोणीच विचारत नाही.) फोनवरचं खातं जर्मनीचं, कारण इथली बरीचशी ॲप्स भारतीय खात्याला दारातही उभं करत नाहीत. फोनची भाषा इंग्रजी. तुमची भाषा जर्मन, कारण मुलगी किंडरगार्टनमधून आल्यावर तुमच्याशी जर्मनच बोलते. आणि हे सगळं ज्याच्या नावावर आहे तो माणूस पोहे परतताना मराठीत पुटपुटतो. यातला कुठला धागा पकडून तुम्ही ‘तुमच्या देशात’ म्हणता ते एकदा कळू द्या.

तुमच्या कुळाची आणि जर्मनीची ओळख काही कालची नाही. २०११च्या ऑक्टोबरात ॲपलची सिरी अवतरली तेव्हा तिला पहिल्या दिवसापासून तीन भाषा येत होत्या, इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन. जर्मन छान बोलायची. फक्त जवळचं हॉटेल कुठे आहे, असं विचारलं की गप्प, कारण दुकानं आणि हॉटेलं शोधून द्यायची सोय तेव्हा फक्त अमेरिकेपुरती होती. पुढे २०१६ साली ॲमेझॉनची अलेक्सा अमेरिकेबाहेर पडली, तेव्हा इंग्लंडबरोबर तिने जर्मनी निवडली. इंग्रजी न बोलणारा हा तिचा पहिला मुलूख. यावरून मला एवढंच कळलं, की डबा विकायची वेळ येते तेव्हा आमचा देश बरोबर सापडतो.

तरी जर्मन माणूस तुमच्या वाक्यावर चिडत नाही. त्याला सवय आहे. संगीतकारांचे हक्क सांभाळणारी गेमा ही संस्था आणि यूट्यूब यांचं पैशावरून बिनसलं आणि २००९पासून २०१६पर्यंत इथे असंख्य गाण्यांच्या जागी एक उदास चेहरा आणि ‘तुमच्या देशात उपलब्ध नाही’ एवढंच दिसायचं. एक अख्खी पिढी तो चेहरा बघत मोठी झाली. त्या मानाने अलीकडचे उपास किरकोळ म्हणायचे. गूगलचा बार्ड हा चॅटबॉट २०२३च्या मे महिन्यात १८०हून अधिक देशांत पोचला, त्यात युरोपीय संघ नव्हता. आमच्याकडे तो जुलैत आला. २०२४च्या सप्टेंबरात चॅटजीपीटीचा नवा बोलका अवतार पैसे भरणाऱ्या सगळ्यांना मिळू लागला. आम्हीही तेवढेच पैसे भरत होतो, आमच्यापर्यंत यायला त्याला आणखी महिना लागला. ॲपलची कृत्रिम बुद्धिमत्ता २०२४च्या जूनमध्ये जाहीर झाली आणि युरोपीय संघातल्या आयफोनवर २०२५च्या वसंतात उगवली. मधल्या काळात तीच बुद्धी इथल्या मॅकवर चालत होती. म्हणजे एकाच टेबलावर, एकाच मालकाचा, एकाच कंपनीचा लॅपटॉप शहाणा आणि फोन मठ्ठ.

आणि या सगळ्यावर कडी करणारी गोष्ट २०२५च्या सप्टेंबरात झाली. कानात घालायच्या एअरपॉड्समध्ये ॲपलने थेट भाषांतर आणलं. समोरचा जर्मन बोलणार, तुमच्या कानात इंग्रजी उतरणार. जर्मनीत नव्याने आलेल्या माणसाला देवाने आणखी काय द्यावं? ते युरोपीय संघात मिळणार नव्हतं, हे ओघाने आलंच. पण बंदीची अट जपून वाचण्यासारखी होती. माणूस युरोपीय संघात असेल आणि शिवाय त्याचं खातंही युरोपीय संघातल्या देशाचं असेल, तर बंद. दोन्हींपैकी एक जरी नसेल तरी खुशाल चालू.

आता समजा, त्या दिवसांत माझ्या सासूबाई साताऱ्याहून पर्यटक व्हिसावर आल्या असत्या. त्यांचा आयफोन, खातं भारताचं. नव्वद दिवसांच्या पाहुणीच्या कानात समोरच्या जर्मन माणसाचं बोलणं फुकट उतरलं असतं. आणि जावई, जो इथे कर भरतो, पेन्शनची वर्गणी भरतो, घरात टीव्ही नसतानाही टीव्हीची वर्गणी भरतो, तो शेजारी मोकळ्या कानांनी उभा. बरं, सासूबाईंना तरी त्याचा काय उपयोग? सुरुवातीच्या यादीत इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश आणि पोर्तुगीज होत्या. मराठी नव्हती. त्यांना जर्मनही कळत नाही आणि इंग्रजी कानात पडलं की त्या तो कान झाकतात. परवानगी त्यांच्याकडे, भाषा माझ्याकडे. दोघांनी मिळून बेकरीत जाऊन शेवटी ब्रेत्सेलकडे बोटच दाखवलं असतं, आणि ‘त्सवाय’ऐवजी दोन बोटं वर केली असती. (इथे अंगठ्यापासून मोजतात. तर्जनी आणि मधलं बोट वर केलं की घोळ व्हायची शक्यता असते. हेही तुमच्यापैकी कोणी कानात सांगत नाही.)

पुढे त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते भाषांतर युरोपीय संघातही सुरू झालं. उशिराचं कारण कंपनीने दिलं ते युरोपच्या डिजिटल बाजार कायद्याचं. तो कायदा काय म्हणतो? तुमच्या स्वतःच्या इयरफोनला फोनमधली जी दारं उघडता, ती दुसऱ्यांच्या इयरफोनलाही उघडा. भाषांतर करू नका असं त्यात कुठेही नाही. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणणार होतो, पण नाचता उत्तम येतं. अंगणात दुसऱ्या कोणाला नाचू द्यायचं नाही, एवढीच अडचण आहे.

कायदा आडवा येतो, असं तुम्ही सारख्या सुचवता म्हणून खालच्या मजल्यावरच्या आजींबद्दल सांगतो. त्या आमच्याकडे कॉफीला येतात, येताना प्लमचा केक आणतात आणि खुर्चीत बसण्याआधी तुमची वायर काढतात. विचारत नाहीत, काढतात. गूगलने २०१०मध्ये स्टुटगार्टसकट वीस जर्मन शहरांतल्या रस्त्यांचे फोटो नकाशावर चढवले, तेव्हा सुमारे २ लाख ४४ हजार घरांनी आमचं घर दाखवू नका म्हणून कळवलं होतं. आजी त्यांतल्या. त्यांचा जुना पत्ता तिथे कित्येक वर्षं धुक्यात बुडालेला होता, याचा त्यांना अजून अभिमान आहे.

सुरुवातीला मला हे म्हातारचळ वाटायचं. पण आजींच्या पोतडीतून एकेक प्रकरण निघत गेलं. २०१७च्या फेब्रुवारीत बॉनच्या बुंडेसनेट्झआगेंटूर या नियामक संस्थेने केयला नावाच्या बोलक्या बाहुलीवर बंदी घातली. पाळत ठेवायचं छुपं साधन, असा तिच्यावर ठपका होता, आणि आईबापांनी ती घरच्या घरी निकामी करावी असं सांगितलं गेलं. सोनेरी केसांच्या बाहुलीचा निकाल सरकारी आदेशाने लागला. २०१८मध्ये एका गृहस्थाने ॲमेझॉनकडे स्वतःची साठवलेली माहिती मागितली, तर त्याला कोण्या तिऱ्हाइताच्या घरातली अलेक्साची सुमारे १,७०० ध्वनिमुद्रणं मिळाली. मागणाऱ्या गृहस्थाच्या घरात अलेक्सा नव्हतीच. हॅनोव्हरच्या एका संगणक नियतकालिकाच्या पत्रकारांनी ती ऐकून त्या तिऱ्हाइताला शोधूनही काढलं. २०१९च्या उन्हाळ्यात कळलं, की तुमच्या कुळातल्या बहुतेक सगळ्यांनी टिपलेलं बोलणं कुठेतरी पगारी माणसं बसून ऐकत होती. हॅम्बुर्गच्या डेटा संरक्षण आयुक्तांनी गूगलविरुद्ध कारवाई सुरू केली, तेव्हा ते ऐकणं निदान तीन महिन्यांपुरतं अख्ख्या युरोपीय संघात थांबलं.

हा देश असाच आहे. डेटा संरक्षणाचा जगातला पहिला कायदा १९७० साली इथल्याच हेसेन राज्याने केला. १९८३मध्ये जनगणनेचे प्रश्न फार खोलात जातात म्हणून लोक कोर्टात गेले आणि स्वतःच्या माहितीवर स्वतःचा हक्क, हे तत्त्व घटनात्मक न्यायालयाकडून घेऊन आले. समोरच्याला न सांगता त्याचं खासगी बोलणं ध्वनिमुद्रित केलं तर इथे तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आजींना ते कलम पाठ आहे, दोनशे एक. तेव्हा बाई, कायद्यामुळे तुमचा एखादा गुण मला महिनाभर उशिरा मिळाला तर माझी फारशी तक्रार नाही. आजी खाली आहेत, मी निवांत झोपतो.

माझी खरी तक्रार जिथे कुठलाच कायदा आडवा आला नाही तिथली आहे. मराठीच्या वाटेत ब्रसेल्सने काय अडवून ठेवलं आहे? २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. जगातल्या जर्मनभाषकांच्या आसपासचा हा आकडा. त्यांच्या भाषेत सिरी पहिल्या दिवसापासून बोलली. आमच्यासाठी गूगलने २०१८मध्ये फोनवर मराठी आणली, त्याबद्दल आभार. अलेक्सा २०१९पासून हिंदी बोलते, मराठीचं अजून नाव नाही. २०२४च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने मराठीला अभिजात दर्जा दिला. दोन हजार वर्षांचा वारसा सिद्ध झाला; साबुदाणा भिजवून तासाभराने मला उठव, एवढं त्या भाषेत तुम्हाला सांगता येत नाही. इथे हॅम्बुर्गच्या आयुक्तांना दोष देता येणार नाही. हे तुमचं तुम्हीच, हिशेबाची वही बघून ठरवलेलं आहे.

त्याचे परिणाम घरात बघा. परवा सकाळी भीमसेन जोशींचा तोडी लावायचा होता. मी नाव नीट घेतलं. तुम्हाला समजलं नाही. पुन्हा घेतलं, सावकाश. तुम्ही कुठल्याशा बव्हेरियन बँडची तुतारी लावलीत. तेव्हा मुलगी टोस्टवरून मान न उचलता म्हणाली, “बाबा, असं नाही. बीमझेन योशी.” आणि लगेच तंबोरा सुरू झाला. जर्मन डोळ्यांनी रोमन अक्षरं जशी वाचली जातात तसं नाव घेतलं की तुम्हाला कळतं. आता आमच्याकडे योशीबुवा गातात आणि झुरेश वाडकर गातात. मुलीला वाटतं त्यांची नावंच तशी आहेत. गेल्या गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमात तिने एका काकांना त्यांच्या आडनावाने हाक मारली, काका जोग होते, त्यांना कोणीतरी योगासनं शिकवायला बोलावतंय असं वाटलं.

तेव्हा मागणी एवढीच. गोडवा कमी करा आणि कारण सांगा. कायदा मान्य नसेल तर ‘युरोपचा नियम आम्हाला पटत नाही, भांडण चालू आहे’ असं म्हणा. परवडत नसेल तर ‘मराठीत पैसा दिसत नाही’ म्हणा. साताऱ्याच्या बाजारातली भाजीवालीसुद्धा मेथी का नाही ते सांगते, पाऊस झाला म्हणते, गाडी आली नाही म्हणते.

आणि हे पत्र नुसतं रडगाणं समजू नका. सोबत एक अर्ज जोडत आहे. युरोपच्या डेटा संरक्षण नियमातल्या कलम १५खाली माझ्याबद्दल जे जे साठवलं असेल ते सगळं मला पाठवावं. मुदत एक महिना, हेही त्याच नियमात आहे. ही सुविधा आमच्या देशात उपलब्ध आहे, आजींनी तपासून दिली. माझंच पाठवा, तिऱ्हाइताचं नको. परवाच्या सकाळचं ध्वनिमुद्रण न विसरता घाला. बव्हेरियन तुतारी वाजू लागल्यावर मी तुम्हाला मराठीत जे काही बोललो, ते तुम्ही जर्मनमध्ये काय म्हणून लिहून घेतलंत, ते आजींना वाचून दाखवायचं आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
मायक्रोवेव्हचा मालक

ता.क. : उत्तर पोस्टाने आलं तरी चालेल. रविवारी टपाल येत नाही.