छत्तीस फुटांचा बागायतदार

एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. आमची गॅलरी नऊ बाय चार, म्हणजे ३६. अशा तीस गॅलऱ्या शेजारी शेजारी मांडल्या तरी गुंठा भरायला नऊ चौरस फूट कमीच पडतात. हा हिशेब मी बाहेर कुणाला सांगत नाही. लग्नाकार्यात कुणी ‘सध्या काय चाललंय?’ विचारलं, की मी रुमाल काढून नसलेला घाम पुसतो आणि म्हणतो, ‘काही नाही, थोडी शेती बघतो.’ कुठं घेतली विचारलं तर ‘घराजवळच आहे.’ एका चौकस मेहुण्यानं थेट गट नंबर विचारला. मी गडबडीत फ्लॅट नंबर सांगितला.

या सगळ्याला कारण कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर. ते मूळचे गणिताचे. दहा गुंठ्यांत पाच माणसांचं कुटुंब व्यवस्थित जगू शकतं, असं ते मांडत, आणि त्यांच्या प्रयोग परिवारातल्या शेतकऱ्यांनी त्यांच्या विचारानं बागा उभ्या केल्या. ते वाचून मी पेटलो. दहा गुंठ्यांत पाच, तर ३६ फुटांत किती? त्रैराशिक मांडलं. उत्तर आलं, एका माणसाचा साठावा भाग. म्हणजे माझी करंगळी स्वावलंबी होणार होती. लोकांना दाखवायला तेवढी पुरे.

दिवाळीच्या सुट्टीत रंगाचे रिकामे डबे, कुंड्या, माती, गांडूळखत आणि कोकोपीटची पाच किलोची वीट आली. ही वीट पाण्यात भिजवली की सत्तरेक लिटर होते, असं तिच्या वेष्टनावर छापलं होतं. छापलेल्या गोष्टींवर विश्वास न ठेवण्याची मला सवय असल्यानं मी ती आंघोळीच्या बादलीत भिजवली. पुढचे दोन दिवस आमच्या न्हाणीघरात कोकण अवतरलं होतं.

पण खरा थाट चाकांचा. आमची गॅलरी दक्षिणेला. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून तिरपा चालतो, म्हणून ऊन थेट आत येतं. मेच्या मध्याला पुण्यात सूर्य बरोबर डोक्यावर येऊन भर दुपारी आपली सावली नाहीशी होते. आमच्या गॅलरीत तेव्हा ऊनच नाहीसं होतं. शिवाय समोरच्या इमारतीची सावली दहा वाजता डावीकडे, तीन वाजता उजवीकडे. तेव्हा पीक उन्हाच्या मागे फिरवायचं ठरवून मी चाकांचे पाच स्टँड मागवले. सकाळी ऑफिसला निघताना सगळा मळा उजवीकडे, संध्याकाळी परत डावीकडे. ‘आज शेत कुठं आहे?’ असं हिनं एकदा फोनवर विचारलं, ते मीटिंगमध्ये बाजूला बसलेल्या साहेबांनीही ऐकलं.

गॅलरीच्या फरशीला पाणी जायला उतार असतो, हे चाकं घेताना लक्षात यायला हवं होतं. रात्री दोन वाजता गडगडाट झाला. ‘अहो, कोणीतरी आहे,’ ही म्हणाली. मी लाटणं घेऊन गेलो. टोमॅटो मोरीच्या जाळीवर जाऊन बसला होता. त्याच्या मागोमाग वांगंही निघालं होतं, पण झाडूला अडलं. जाळी बंद, नळ किंचित ठिबकत राहिलेला, आणि सकाळी खालच्या वहिनींच्या वाळत घातलेल्या पैठणीवर तपकिरी ओघळ. सोसायटीच्या ग्रुपवर वहिनींनी फोटो टाकला, खाली हात जोडलेले तीन आणि शिवाय एक गुलाबाचं फूल. पुण्यात हात जोडलेले तीन आले, की माणसानं काही दिवस जिन्यानं न जाता लिफ्टनं जावं.

मिरचीवर बोकड्या आला, पानं होडीसारखी वळली. जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण वांग्यावर राहायला आला. अरणच्या सावता माळ्याला आपल्या मळ्यात विठ्ठल दिसला. मला भिंग घेऊन पाहिल्यावर मावा दिसला. तेही जाऊ द्या.

मुख्य पीक कोथिंबीर. पहिल्यांदा मी मसाल्याच्या डब्यातले धणे जसेच्या तसे पेरले आणि पंधरा दिवस मातीकडे बघत बसलो. मग कळलं, की धणा म्हणजे एक बी नव्हेच, त्याच्या दोन डाळी असतात. त्या चोळून वेगळ्या करायच्या, रात्रभर भिजवायच्या, मग पेरायच्या. धणे चपलेनं रगडावेत असा सल्ला एका अनुभवी माणसानं दिला होता. मी त्याचं प्रात्यक्षिक स्वयंपाकघरातल्या ओट्यासमोर करायला नको होतं. पण नवव्या दिवशी दोन-दोन लांबट पानांचे कोंब वर आले आणि मी ऑफिसला उशिरा गेलो.

आता कोथिंबिरीबद्दल थोडं बोलायलाच हवं. कुठल्याही मराठी पाककृतीचं शेवटचं वाक्य वाचा. वरून कोथिंबीर भुरभुरावी. पोहे असोत, पिठलं असो, ढोकळ्यासारखा परप्रांतीय असो, त्याला आपलंसं करण्याचा हा आपला विधी आहे. आणि इतकी महत्त्वाची वस्तू आपण पिढ्यान् पिढ्या विकत घेतली नाही, मागून घेतली. माझी आई या शास्त्रातली जाणकार. मेथीच्या जुडीवर दहा मिनिटं घासाघीस. मग पिशवीचं तोंड आवळायचं. मग पाकीट उघडून नोट बाहेर काढायची, पण द्यायची नाही. नोट हवेत असताना, भाजीवालीच्या हातापासून वीतभर अंतरावर, अगदी सहज आठवल्यासारखं म्हणायचं, ‘वर जरा कोथिंबीर टाक गं.’ आधी मागितली तर ती मेथीच्या भावात धरते. नंतर मागितली तर ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलेली असते. तो नोटेचा क्षण साधला पाहिजे. ‘ताई, कोथिंबीर लई कडाडलीय,’ असं भाजीवालीनं म्हणायचं, आईनं ‘दोन काड्या गं’ म्हणायचं, आणि दोन काड्यांबरोबर कढीपत्त्याची एक डहाळी, मूड असला तर दोन मिरच्याही यायच्या. वडील तेवढा वेळ समोरच्या दुकानाची पाटी वाचत उभे राहायचे. ती पाटी त्यांना तोंडपाठ होती. दहाव्या वर्षी एकट्यानं बाजारात जाऊन मी पहिल्यांदा ‘वरची’ कोथिंबीर आणली, तेव्हा आईनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तसं तिनं माझ्या दहावीच्या निकालाच्या वेळीही पाहिलं नाही. आता घरपोच भाजीच्या ॲपवर कोथिंबीर ‘शंभर ग्रॅम, स्वच्छ निवडलेली’ म्हणून येते. तिथं नोट हवेत कशी धरणार?

असो. माझी कोथिंबीर पंचेचाळीस दिवसांत वीतभर झाली. मुळासकट उपटली, धुतली, दोऱ्यानं बांधली. जुडी म्हणायला जीभ कचरते. जुडीचं नातवंड म्हणा. फोटो काढला, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, ‘पहिला तोडा.’ मेहुण्यानं विचारलं, ‘एकरी उतारा किती?’ हिनं शांतपणे वही काढली. स्टँड, माती, खत, वीट, निंबोळी तेल, पैठणीचं ड्रायक्लीनिंग. एकूण ६३४० रुपये.

मी जुडी घेऊन कोपऱ्यावरच्या मावशींकडे गेलो. त्यांची हातगाडी वीस-बावीस वर्षं तिथंच आहे. भाजी घ्यायचं निमित्त, दाखवायचं काम. वांगी, गवार, फ्लॉवर घेतला आणि अगदी सहज आठवल्यासारखं म्हणालो, ‘मावशी, ही बघा. घरची.’

त्यांनी जुडी हातात घेतली, उलटी करून मुळं पाहिली, वास घेतला. ‘पानी लई घालता तुम्ही. वास उतरला तिचा.’ मग कौतुकानं म्हणाल्या, ‘पर आलीया की! केवढ्याला पडली?’

मी म्हणालो, ‘घरचीच आहे हो, तिचं काय!’

‘तसं न्हाई दादा. आमच्या भावाची बी घरचीच की.’ त्या फ्लॉवरची पानं खुडत बोलत होत्या, माझ्याकडे न बघता. ‘गेल्या वर्षी चारशे जुड्या घिऊन गेला मार्केटला. रुपयानं मागितल्या. टेंपोचं भाडंसुदिक निघंना. तिथंच टाकून आला. म्हनला, माघारी न्यायला परत भाडं कोन देनार?’

कोथिंबीर रस्त्यावर ओतल्याचे फोटो मी वर्तमानपत्रात पाहिले आहेत. हिरवा ढीग, त्यातून गेलेल्या चाकांच्या खुणा. पान उलटलं आहे दर वेळी. मागच्या बाजूला शब्दकोडं असतं. चारशे जुड्या. माझ्या एकीला पंचेचाळीस दिवस, सकाळ-संध्याकाळ हलवाहलव, रात्री उठून लाटणं घेऊन पहारा. चारशेला चारशे रुपये, तेही मिळाले नाहीत. मी गुणाकार करायला गेलो आणि मध्येच सोडून दिला. काहीतरी बोलावंसं वाटत होतं. तोंडातून निघालं, ‘मग यंदा?’

‘यंदा परत तीच लावली. दुसरं काय लावनार?’

मी ऐंशी रुपये झाले म्हणून शंभराची नोट काढली. नोट हवेत, मावशींच्या हातापासून वीतभर अंतरावर आली आणि जिभेवर आलेलं पिढीजात वाक्य मी कसंबसं गिळलं. मावशी थांबल्या होत्या. बावीस वर्षांच्या अनुभवानं त्यांना माहीत होतं, आता काय येणार. ते आलं नाही, तेव्हा जरा चक्रावून त्यांनी नोट घेतली आणि सुटे शोधायला पिशवीत हात घातला.

तेवढ्यात मागं उभ्या असलेल्या बाई पाकीट मिटता मिटता म्हणाल्या, ‘मावशी, वर जरा कोथिंबीर टाका हो.’

मावशींचं लक्ष सुट्या पैशांत. हाताला लागली ती जुडी त्यांनी उचलली आणि बाईंच्या पिशवीत टाकली. दोरा माझा होता. मी ओळखला.

बाईंनी पिशवीत डोकावून पाहिलं.

‘एवढीशीच? आणि ही पिवळी पडलीय हो जरा.’